युनियनशीच वाद झाला तर: कुठून सुरू करायचं, कुठल्या क्रमाने जायचं आणि लोक कुठे चुकतात

कंपनीने अन्याय केला तर काय करायचं हे गेटवर दहा जण सांगतात. पण आपल्याच युनियनने सभासदत्व काढून घेतलं, निवडणूक घ्यायची टाळाटाळ चालवली, वर्गणीचा हिशोब दिला नाही किंवा कुणाला न विचारता करारावर सही केली, तर प्रत्येकजण वेगळंच सांगतो आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. मग माणूस आज पोलीस स्टेशन, उद्या एचआर, पुढच्या आठवड्यात कामगार आयुक्त ऑफिस असं फिरत राहतो, सगळीकडे "हे आमच्याकडे येत नाही" ऐकतो, आणि या फिरण्यात महिने जातात, मुदती जातात, वर्गणी थकते आणि शेवटी युनियन म्हणते हा तर आमचा सभासदच नाही.

खालचं सगळं महाराष्ट्रातल्या खाजगी कारखान्यातला कामगार डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. गोव्याचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. पुढारी लबाड आहे की प्रामाणिक हे कोर्टाला फारसं ठरवायचं नसतं. युनियनच्या घटनेत, म्हणजे तिच्या नियमावलीत, काय लिहिलंय, त्याप्रमाणे झालं की नाही आणि तक्रार करणारा सभासद आहे की नाही, यावरच बहुतेक केसेस उभ्या राहतात किंवा पडतात. त्यामुळे सगळी मेहनत तिकडे लावा.

1. भांडण नक्की कशाचं आहे ते एका वाक्यात लिहा

हे सोपं वाटतं, पण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो असं माझं मत आहे. "युनियन कंपनीला विकली गेलीय" हे भांडण नाही, ती चीड आहे. भांडण म्हणजे असं काहीतरी: मला अमुक तारखेला नोटीस न देता काढून टाकलं. किंवा मुदत संपून वर्ष झालं तरी निवडणूक नाही. किंवा मी हिशोब मागितला, दिला नाही. किंवा मला सभासदच करून घेत नाहीत. किंवा करार करताना घटनेत लिहिलेली सर्वसाधारण सभा घेतली नाही. किंवा माझी केस युनियन चालवतेय आणि तारखांना कुणी हजरच राहत नाही.

प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे. तुमच्याकडे तीन-चार तक्रारी असतील तर वेगवेगळ्या कागदावर लिहा, एकाच अर्जात खिचडी करू नका, कारण वाचणारा अधिकारी त्यातली सगळ्यात कच्ची तक्रार उचलतो आणि अख्खा अर्ज परत पाठवतो.

तपासून बघा: तुमच्या वाक्यात तारीख आहे का? कुणी केलं ते आहे का? तुम्हाला काय हवंय ते आहे का? तिन्ही नसेल तर अजून वाक्य तयार नाही.

आणि हेही बघा की भांडण खरंच युनियनशी आहे ना. नोकरीवरून काढलं कंपनीने आणि युनियनने मदत केली नाही, तर मुख्य केस कंपनीविरुद्धच करायची असते, युनियनवर राग काढण्यात ती मुदत घालवू नका. नोकरीवरून काढल्याच्या वादात कामगाराला युनियनची परवानगी लागत नाही, तो एकटा समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) जाऊ शकतो आणि 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करू शकतो.

2. आपण सभासद आहोत हे सिद्ध करणारे कागद जमवा

युनियनचं पहिलं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: अर्जदार सभासद नाही. म्हणून हे सगळ्यात आधी.

- वर्गणीच्या पावत्या, निदान शेवटच्या वर्षभराच्या. पावतीवर नाव, महिना, सही आहे का बघा.
- पगारातून वर्गणी कापली जात असेल तर पगाराच्या स्लिपा. ही कपात कामगाराच्या लेखी संमतीनेच होते, तेव्हा ते संमतीपत्र कधी दिलं ते आठवा, प्रत असेल तर काढा.
- सभासदत्वाचा फॉर्म, ओळखपत्र, सर्वसाधारण सभेची नोटीस जी तुमच्या नावाने आली असेल.
- ऑनलाइन वर्गणी भरली असेल तर बँकेचं स्टेटमेंट, नुसता फोनवरचा स्क्रीनशॉट नको.

महाराष्ट्रात जुन्या ट्रेड युनियन अ‍ॅक्टच्या राज्य दुरुस्तीत, म्हणजे कलम 28-1अ मध्ये, अर्ज करणारा किमान सहा महिने सभासद असावा अशी अट होती. त्यामुळे पावत्या सहा महिन्यांच्या पुढच्या असल्या तर उत्तम.

सावधान: रागाच्या भरात वर्गणी बंद करू नका आणि राजीनामा तर अजिबात देऊ नका. बहुतेक घटनांमध्ये ठराविक महिने वर्गणी थकली की सभासदत्व आपोआप जातं असं लिहिलेलं असतं, आणि मग तुम्ही भांडणाच्या आधीच बाहेर. युनियन वर्गणी घेत नसेल तर युनियनच्या बँक खात्यात भरा किंवा मनीऑर्डर पाठवा, आणि सोबत दोन ओळींचं पत्र: अमुक महिन्याची वर्गणी द्यायला आलो होतो, घेतली नाही, म्हणून पाठवत आहे. परत आलेली मनीऑर्डर सुद्धा जपून ठेवा, पैसे घेतले नाहीत याचा तो पुरावा होतो.

3. युनियनची घटना मिळवा, आणि नोंदणी झालेलीच मिळवा

युनियन ऑफिसमध्ये भिंतीवर लावलेली किंवा छोट्या पुस्तकात छापलेली घटना कधीकधी जुनी असते. मधे दुरुस्ती झाली असेल आणि ती रजिस्ट्रारकडे नोंदली असेल तर तीच चालते. कोर्टात जाऊन "आमच्या पुस्तकात असं आहे" म्हणालात आणि समोरच्याने नवी प्रत काढली तर पहिल्याच तारखेला तोंडघशी पडाल.

मिळवायची कुठून? आधी युनियनकडे लेखी मागा. त्याचबरोबर ट्रेड युनियन रजिस्ट्रारच्या ऑफिसातून प्रत मागा. हे ऑफिस कामगार आयुक्तांच्याच खात्यात येतं, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. युनियनला माहिती अधिकार कायदा सहसा लागू होत नाही पण रजिस्ट्रार हे सरकारी ऑफिस आहे, त्यामुळे तिथे माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यायला हवं. अर्जात नेमकं मागा: नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, आजच्या तारखेला नोंद असलेली घटना, गेल्या तीन वर्षांची वार्षिक विवरणपत्रं, आणि पदाधिकारी बदलाच्या ज्या सूचना आल्या त्यांच्या प्रती. "युनियनची सगळी माहिती द्या" असं लिहिलंत की उत्तर पण तसंच येतं.

घटना हातात आली की पेन्सिल घेऊन बसा आणि एवढं शोधा: सभासद कसा होतो आणि कसा जातो, काढायचा अधिकार कमिटीला आहे की सर्वसाधारण सभेला, नोटीस किती दिवसांची, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, सभेला कोरम किती, निवडणूक किती वर्षांनी, किती सभासदांनी सही केली तर खास सभा बोलवता येते, हिशोब बघायची वेळ कोणती. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात 2001 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नव्हती, त्यामुळे बहुतेक चालू घटनांमध्ये तीन किंवा त्याहून कमी वर्षं दिसतील. पाच वर्षं लिहिलेली दिसली तर तिथे खूण करा.

4. तारखांचा तक्ता

एक पान पुरतं. डाव्या बाजूला तारीख, मधे काय झालं, उजव्या बाजूला त्याचा कागद कोणता. ज्या ओळीसमोर कागद नाही ती ओळ कच्ची. वकिलाकडे जाताना हेच पान पुढे करा, अर्धा तास बोलण्यापेक्षा बरं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुरावा म्हणून वापरायचे असतील तर चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, कारण आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी नसेल तर वकील डोक्याला हात लावतो.

सावधान: त्याच ग्रुपवर सेक्रेटरीला चोर, दलाल वगैरे लिहू नका. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहेच, शिवाय तुमचाच मेसेज तुम्हाला शिस्तभंगात काढायला कारण म्हणून लावतात. हे इतक्या वेळा होतं की काय सांगू.

5. आधी युनियनलाच लेखी द्या

लोकांना ही पायरी फुकट वाटते. "त्यांच्याविरुद्धच तक्रार, त्यांनाच काय द्यायची?" पण कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की घटनेतला मार्ग वापरला का. आणि दुसरं म्हणजे युनियनने दिलेलं किंवा न दिलेलं उत्तर हाच पुढे तुमचा पुरावा होतो.

पत्र जनरल सेक्रेटरीच्या नावे, प्रत अध्यक्षांना. साधारण असं:

"मी आपल्या युनियनचा सभासद असून माझा सभासद क्रमांक अमुक आहे. घटनेच्या कलम अमुक प्रमाणे सभासदास हिशोबाची पुस्तकं व सभासद यादी पाहण्याची सोय असणं आवश्यक आहे. कृपया पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत दिवस व वेळ लेखी कळवावी. सोबत चालू महिन्याच्या वर्गणीची पावती जोडली आहे."

एवढंच. भाषण नको, धमकी नको, "आम्ही रस्त्यावर उतरू" नको. हाताने दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पोचपावतीसकट पाठवा आणि ट्रॅकिंगची प्रिंट त्याच दिवशी काढून ठेवा.

तक्रार कंपनीच्या एचआरला पाठवायची चूक करू नका. मालकाने युनियनच्या कारभारात ढवळाढवळ करणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात, ज्याला सगळे एमआरटीयू म्हणतात, अनुचित कामगार प्रथा आहे. म्हणजे चांगला एचआरवाला हात लावणार नाही आणि वाईट एचआरवाला ते पत्र वापरून घेईल. पुढच्या गेट मीटिंगला तुमचं पत्र वाचून दाखवलं जातं आणि तुम्ही कंपनीचे माणूस ठरता.

6. कारणे दाखवा नोटीस आली, किंवा काढूनच टाकलं

इथे जरा थांबून सांगतो कारण यातच जास्त नुकसान होतं.

नोटीस आली की तीन गोष्टी बघा: आरोप नेमका लिहिलाय का, घटनेचं कुठलं कलम मोडलं ते लिहिलंय का, आणि उत्तराला घटनेत सांगितलेले दिवस दिलेत का. मग उत्तर द्या. "मला मान्य नाही" म्हणून गप्प बसणं हे उत्तर नाही. मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, आरोपाची कागदपत्रं मागायची, साक्षीदार असतील तर नावं द्यायची, आणि ज्याने आरोप केला तोच निर्णय द्यायला बसणार असेल तर त्याला तिथेच लेखी हरकत घ्यायची. ही हरकत नंतर आठवून चालत नाही, तेव्हाच घ्यावी लागते.

चौकशीला किंवा सभेला बोलावलं तर जा. गेलात, बोलू दिलं नाही, तर त्याच संध्याकाळी पत्र पाठवा की मी हजर होतो, मला बोलू दिलं नाही, कोरम नव्हता, वगैरे. दोन दिवसांनी पाठवलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.

काढल्याचा ठराव झाला तर त्याची प्रत मागा आणि घटनेत अपील असेल तर मुदतीत करा. सुप्रीम कोर्टाने 1963 सालीच, बेळगावच्या एका लॉजने (हॉटेल नव्हे, फ्रीमेसन सभासदांची संस्था) सभासदाला काढल्याच्या केसमध्ये, हे स्पष्ट केलं होतं की संस्थेचे नियम म्हणजे सभासदांमधला करार, काढताना ते नियम काटेकोर पाळायला हवेत, माणसाला बाजू मांडायची संधी द्यायला हवी, आणि हेतू प्रामाणिक हवा. पण त्याच केसचा दुसरा अर्थ पण लक्षात ठेवा: हे तिन्ही झालं असेल तर निर्णय बरोबर की चूक यात कोर्ट अपिलासारखं शिरत नाही, आणि त्या केसमध्ये काढलेला सभासद हरलाच होता. म्हणजे "माझी चूक नव्हती" यापेक्षा "मला सात दिवसांची नोटीस घटनेत आहे, मिळाली दोन दिवसांची" हा मुद्दा जास्त चालतो. ऐकायला विचित्र वाटेल पण तसंच आहे.

तपासून बघा: ठरावाची तारीख, सभेच्या नोटिशीची तारीख, अजेंड्यावर तुमचा विषय होता का, आणि ठराव करणाऱ्या कमिटीची स्वतःची मुदत संपली तर नव्हती ना.

आणि घाबरू नका, युनियनमधून काढलं म्हणून नोकरी जात नाही. माथाडी कामगारांना तर हे मुद्दाम सांगतो, तुमची नोंदणी माथाडी बोर्डाकडे असते, युनियनकडे नाही. "युनियन सोडलीस तर कामावर दिसणार नाहीस" अशी धमकी कुणी दिली तर ती बोर्डाच्या अध्यक्षांकडे लेखी कळवा.

7. पैशाचा वाद

हिशोब न दाखवणं आणि पैसे खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याचा पुरावा सोपा आहे. हिशोबाची पुस्तकं आणि सभासद यादी बघायचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे. मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे नुसती नोंदणी नाही तर कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणी करायची कायदेशीर मान्यता मिळालेल्या युनियनला, तर एमआरटीयूच्या कलम 19 प्रमाणे घटनेत काही गोष्टी ठेवाव्याच लागतात: कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत, सगळे ठराव मिनिट बुकात, आणि सरकारने नेमलेल्या ऑडिटरला दरवर्षी निदान एकदा हिशोब तपासता येईल अशी तरतूद.

क्रम असा: आधी पायरी 5 चं पत्र, मग माहिती अधिकारात मिळालेली वार्षिक विवरणपत्रं समोर ठेवून जमा किती दाखवलीय ते बघा, मग सभासदसंख्या गुणिले वर्गणी करून ताळा घ्या. समजा 800 सभासद, महिना 100 रुपये, म्हणजे वर्षाला 9,60,000 यायला हवेत आणि विवरणात 4 लाख दिसतात, तर आता तुमच्याकडे प्रश्न विचारायला काहीतरी आहे. फौजदारी तक्रारीचा विचार याच्यानंतर. नुसत्या संशयावर पोलिसांकडे गेलात तर "हा तुमचा अंतर्गत वाद आहे" म्हणून परत पाठवतात, आणि एकदा असं लिहून आलं की ते कागद समोरचा वापरतो.

कराराच्या फरकातून (करार झाल्यावर मिळणारी मागच्या महिन्यांची पगारवाढीची थकबाकी) युनियनने कापलेल्या रकमेबद्दल खूप जण विचारतात. इथे जपून पावलं टाका. बामर लॉरीच्या केसमध्ये, 1984 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, मान्यताप्राप्त युनियनच्या करारात फरकाच्या 15 टक्के रक्कम युनियन फंडासाठी कापायचं कलम होतं आणि कोर्टाने ते टिकवलं, सभासद नसलेल्यांच्या बाबतीत सुद्धा. तेव्हा "कापलं म्हणजे बेकायदा" असं धरून चालू नका, आधी करारातलं कलम वाचा.

राजकीय कामासाठीचा फंड मात्र वेगळा ठेवावा लागतो आणि त्याला पैसे द्यायची सक्ती करता येत नाही, दिले नाहीत म्हणून युनियनचे फायदे नाकारता येत नाहीत.

8. रजिस्ट्रारकडे: काय मागायचं आणि काय नाही

रजिस्ट्रार कागद तपासतो, नोंदी ठेवतो, कायदा मोडला असेल तर नोटीस देऊन नोंदणी रद्दही करू शकतो. दोन गटांपैकी खरा अध्यक्ष कोण हे ठरवायला तो न्यायाधीश नाही. लोक इथेच महिनेच्या महिने घालवतात, अर्जावर अर्ज, आणि शेवटी उत्तर येतं की सक्षम न्यायालयात जा.

त्यामुळे तिथे मागायचं ते एवढंच: विवरणपत्रं भरली नसतील तर कारवाई, हिशोबाची पुस्तकं तपासणीला मागवणं, आणि वाद चालू असताना पदाधिकारी बदलाची नोंद घेण्याआधी तुमची हरकत नोंदवून घेणं. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. समोरचा गट निवडणूक झाल्याचं दाखवून आठवड्यात कागद सादर करतो, तुमची हरकत आधी पोचली असेल तर बरं.

नोंदणीच रद्द करा अशी मागणी करण्याआधी दहादा विचार करा. नोंदणी गेली की मान्यता जाते, आणि मालकासमोर उद्या कुणीच उभं नसतं.

9. कोर्ट: दरवाजा चुकवू नका

इथे कायदा नुकताच बदललाय, म्हणून इंटरनेटवर सापडणारी जुनी माहिती तशीच्या तशी उचलू नका.

जुना मार्ग असा होता: महाराष्ट्रात कोण सभासद, कोण पदाधिकारी, चुकीने काढलं का, आणि युनियनच्या मालमत्तेचा किंवा हिशोबाच्या पुस्तकांचा वाद, हे सगळं कलम 28-1अ खाली, रजिस्ट्रारची संमती घेऊन, औद्योगिक न्यायालयात. दिवाणी कोर्टाला यात हात घालता येत नव्हता. ही महाराष्ट्राची दुरुस्ती असल्याने गोव्यात नव्हती.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू झालीय आणि 1926 चा ट्रेड युनियन कायदा तिच्यात गेलाय. संहितेचं कलम 22 वाचा, ते तुमच्यासाठीच आहे: सभासद कामगार आणि युनियन यांच्यातला नोंदणी, कारभार, व्यवस्थापन किंवा पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद, तसंच सभासदत्व नाकारलेल्या कामगाराचा वाद, युनियनचं नोंदणीकृत ऑफिस ज्या भागात आहे तिथल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून सोडवायचा. रजिस्ट्रारच्या संमतीची अट या कलमात नाही, आणि दिवाणी कोर्टाला इथेही बंदी आहे. गोव्यातल्या कामगाराला पण हेच कलम.

नोंदणीकृत ऑफिस हे शब्द नीट वाचा. तुम्ही चाकणला काम करता, युनियनचं नोंदणीकृत ऑफिस परळला, तर पुण्यात टाकलेला अर्ज अधिकारक्षेत्रावरच अडकू शकतो. पत्ता नोंदणी प्रमाणपत्रावरून घ्या, लेटरहेडवरून नको.

दाखल करायच्या आधी कोर्टाच्या फायलिंग काउंटरला जाऊन विचारा की असे अर्ज सध्या कुठल्या नमुन्यात, किती प्रतीत आणि कुणासमोर घेतात. बदलाच्या काळात ही अर्ध्या दिवसाची खेप वाचवू नका.

एमआरटीयू हा राज्याचा कायदा आहे, संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत तो नाही. पण त्याखाली युनियनविरुद्ध तक्रार करायची तर परिशिष्ट 3 मध्ये बसायला हवी आणि ती यादी छोटी आहे: बेकायदा संपाला चिथावणी, अमुक युनियनमध्ये ये किंवा जाऊ नको म्हणून जबरदस्ती, दमदाटी, मान्यताप्राप्त युनियनने मालकाशी प्रामाणिकपणे बोलणी नाकारणं, गो-स्लो, घेराव, मालकाच्या घरासमोर निदर्शनं. काढून टाकणं किंवा हिशोब न देणं त्यात नाही. तरी लोक तिथेच टाकतात. दमदाटी झाली असेल तर मात्र हाच रस्ता, औद्योगिक न्यायालयात, आणि घटना घडल्यापासून 90 दिवसांत. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा 15100 ला फोन करा. फक्त एक विचारून घ्या, वकील कामगार कायद्याचं काम करतो का.

10. अंतरिम आदेश मागायचा तर वेळेवर

निवडणुकीचा वाद असेल तर निकाल लागायच्या आधी या. निवडून आलेली कमिटी एकदा बसली, बँकेत सह्या बदलल्या, की तिला हलवणं कठीण होतं. अर्जासोबत अंतरिम अर्ज वेगळा द्या आणि त्यात थोडकंच मागा: मतदार यादी प्रसिद्ध करा, निवडणूक निरीक्षकासमोर घ्या, बँक खात्यातून रोजच्या खर्चापलीकडे रक्कम काढू नका, मिनिट बुक कोर्टात जमा करा. "सगळी कमिटी बरखास्त करा" असं पहिल्या दिवशी मागितलं की हातात काहीच पडत नाही.

11. करार मान्य नसेल तर

हा सगळ्यात कठीण वाद आणि लोकांची सगळ्यात जास्त अपेक्षा इथेच. "मला दोन हजार कमी मिळाले" यावर करार तुटत नाही. हर्बर्टसन्सच्या केसपासून, 1976, सुप्रीम कोर्ट हेच म्हणत आलंय की बहुसंख्य कामगारांच्या युनियनने केलेला करार एकंदरीत बघायचा, त्यातली एकेक बाब सुटी काढून तोलायची नाही. फसवणूक झाली, खोटी माहिती देऊन सह्या घेतल्या, किंवा घटनेत सभेची मंजुरी बंधनकारक असून सभाच झाली नाही, असं काही कागदावर दाखवता येत असेल तरच पुढे जा.

कराराला विरोध आहे तर फरकाची रक्कम घेताना "हरकत राखून" असं लिहूनच सही करा. पैसे घेऊन वर्षाने तक्रार केली की पहिला प्रश्न काय येणार हे सांगायला नको.

युनियन खरोखर मालकासाठीच चालवली जातेय असा पुरावा असेल तर एमआरटीयूच्या कलम 13 खाली मान्यता रद्द होण्याचं ते एक कारण आहे. पण पुरावा म्हणजे कागद. पुढाऱ्याला कंपनीच्या गाडीतून उतरताना पाहिलं, हा पुरावा नाही.

12. केस युनियन चालवत असेल आणि विश्वास उडाला असेल

आधी कोर्टात जाऊन स्वतः केसचा नंबर, पुढची तारीख आणि आतापर्यंतचा रोजनामा बघा, ई-कोर्ट्सवर दिसत असेल तर घरी बसूनही होतं. बऱ्याचदा कळतं की केस गेल्या वर्षीच गैरहजेरीत निकाली निघालीय. तसं असेल तर पुन्हा चालू करण्याचा अर्ज लगेच, युनियनशी भांडण नंतर.

केस चालू असेल तर युनियनला दिलेलं अधिकारपत्र लेखी रद्द करा, त्याची प्रत कोर्टात द्या, आणि त्याच तारखेला नव्या प्रतिनिधीचं किंवा वकिलाचं पत्र दाखल करा. मधे एक सुद्धा तारीख रिकामी जाऊ देऊ नका. युनियनकडे असलेली मूळ कागदपत्रं यादी करून मागा, देत नसतील तर कोर्टातून प्रमाणित प्रती काढा, त्या तेवढ्याच चालतात. हे फक्त तुमच्या एकट्याच्या केसला लागू. मागणीपत्राची केस युनियनच्या नावावर असते, तिथून तुम्हाला एकट्याला बाहेर पडता येत नाही.

युनियनच सोडायची ठरली तर ती सगळ्यात शेवटी, वरचं सगळं दाखल झाल्यावर आणि वकिलाला विचारून: राजीनामा युनियनला, आणि वर्गणीची कपात थांबवायचं वेगळं पत्र कंपनीच्या पगार विभागाला. नुसता राजीनामा दिलात आणि दुसरं पत्र विसरलात तर कपात चालूच राहते, आणि पुढच्या मोजणीत तुम्ही अजून त्यांचेच सभासद म्हणून धरले जाता.